वीराचं नाक कुठं गेलं

सव्वीस वर्षं मी सातपूरला एका प्लेटिंगच्या शेडमध्ये लोकांच्या वस्तू पाण्यात बुडवल्या आणि बाहेर काढल्या. एवढंच काम. इंदिरानगरला मुलाकडे राहायला आल्यावर कॉलनीतल्या दिवाळी अंकाच्या बाई म्हणाल्या, "आजी, तुमच्या नोकरीबद्दल लिहा ना, काहीतरी प्रेरणादायी." मी चौथी शिकले आहे. प्रेरणा माझ्याकडे नाही. जे झालं ते लिहिते.

प्लेटिंग म्हणजे मुलामा. हे काम कसं चालतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

एक टाकी असते. तिच्यात पाणी, पाण्यात चांदीचा क्षार. टाकीवर दोन दांड्या, एक अधिक विजेची, एक वजा विजेची. अधिकवर चांदीची पाटी लटकवायची, वजावर माल. माल म्हणजे चमचे, समया, ताटं, जे गिऱ्हाइकानं आणलं असेल ते. वीज सोडली की पाटीवरची चांदी सुटते, पाण्यात उतरते आणि मालावर जाऊन बसते. पाटी झिजते, माल उजळतो. नवीन काही तयार होत नाही. इथलं तिथं जातं.

माझी नात दहावीला आहे. तिच्या पुस्तकात याला ऑक्सिडीकरण आणि क्षपण म्हणतात, आणि दोन्ही मिळून रेडॉक्स. एकटं ऑक्सिडीकरण होत नाही, एकटं क्षपण होत नाही, एकाचं जाईल तेव्हाच दुसऱ्याला मिळेल, असं तिला पाठ करायला दिलं आहे. आम्ही "सुटणं" आणि "बसणं" म्हणायचो. नात म्हणते परीक्षेत तसं लिहिलं तर मार्क मिळणार नाहीत. नसतील मिळत.

सातपूरचे निम्मे नटबोल्ट यावर चालतात. लोखंडावर जस्त चढवतात. पाणी लागलं की आधी जस्त झिजतं, लोखंड शाबूत राहतं. जस्त संपलं की मग लोखंड गंजतं. घरी चिरलेलं वांगं काळं पडतं तेही याच जातीचं काम आहे, असं नात सांगते. मी वांगं पाण्यात टाकते, एवढं मला आधीपासून ठाऊक होतं.

आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं की मुलाम्यानं वस्तू नवी होते. पंचवटीतला एक बँडवाला ट्रम्पेट घेऊन आला. चेपलेलं होतं.

"मुलामा दिला म्हणजे खड्डे जातील ना?"

"नाही. खड्डे चमकतील."

त्याला ती थट्टा वाटली. चार दिवसांनी वस्तू न्यायला आला, ट्रम्पेट उजेडात धरलं आणि ओरडला, "हे खड्डे तुम्ही पाडले!"

"आधीही होते. काळ्यात दिसत नव्हते."

"मग आवाज बिघडला असेल," म्हणून तो तिथंच वाजवायला लागला. शेजारच्या तीन शेडमधली माणसं बाहेर आली. आवाज आधीही बिघडलेलाच असावा. मालकांनी त्याला चहा पाजला आणि रवाना केला.

चहा बाहेरच प्यायचा असा नियम होता. चांदीच्या टाकीत सायनाइड असतं. त्या टाकीपाशी खायचं नाही, प्यायचं नाही, आणि ॲसिड किंवा कसलंही आंबट जवळ आणायचं नाही, कारण त्यातून विषारी वायू सुटतो. एकदा एक पुजारी लिंबू लावून घासलेली समई, लिंबाच्या फोडीसकट, थेट आत घेऊन आले. मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. ते म्हणाले, "बाई, मी सोवळ्यात आहे." मी म्हटलं, "जिवंत पण आहात." पुन्हा आले नाहीत. समई त्यांच्या भाच्यानं नेली.

दुसरा नियम मालकांचा. मालक म्हणजे भास्करशेठ. देवाची वस्तू आली की त्या दिवशी चांदीच्या टाकीत पहिली तीच जायची. तिच्यासाठी हुक नवा, आणि टाकीपाशी जाताना चपला बाहेर. गिऱ्हाइकांना हे आवडायचं. मलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

तिसरा नियम माझा. रेक्टिफायर म्हणजे टाकीला वीज देणारी पेटी. ती कुणीही उघडली, दुरुस्त केली, तर पहिल्यांदा भंगाराचा एक तुकडा लटकवायचा. पाच मिनिटं. तुकड्यावर चांदी बसली तर ठीक. मग माल. कारण आतल्या दोन वायरी उलट लागल्या तर सगळंच उलट होतं. पाटीवर चांदी बसते आणि मालाची सुटते. मुलामा द्यायला आणलेली वस्तू टाकी खाऊन टाकते.

आता ज्या दिवसाचं लिहायचं तो दिवस होळीचा.

आदल्या दिवशी रेक्टिफायर दुरुस्त होऊन आला होता. सकाळी देसलेनं तो जोडला. देसले आमचा इलेक्ट्रिशियन, सटाण्याकडचा, अहिराणी बोलणारा, डिप्लोमा झालेला, स्वभावानं चांगला आणि घाईचा. मी एका हॉटेलचे आइस्क्रीमचे पितळी चमचे सफाईच्या टाकीत सोडले. सफाईची टाकी वेगळी, तिच्यात सोड्याचं पाणी, पण वीज त्याच पेटीतून. तिथं माल वजावर असतो आणि मालावरून बुडबुडे भरभरून निघतात. समोरच्या पत्र्यावरून त्याच्या निम्मेच. सव्वीस वर्षं मी ते बुडबुडे पाहिले. त्या दिवशी चमच्यांवर बुडबुडे कमी होते आणि पत्र्यावर जास्त. चमच्यांवर तपकिरी झाकही आली.

मी म्हटलं, "देसले, बुडबुडे उलटे आहेत."

"सगळं बराबर शे, मावशी. आत्ताच जोडं मी."

"पुन्हा बघ."

"मावशी, डिप्लोमा मी केला का तुम्ही?" तो हसून म्हणाला आणि पाण्याची मोटार बघायला गेला. आठवड्यापूर्वी मी असाच एक संशय घेतला होता आणि तो खोटा निघाला होता. शेडभर लोक हसले होते. म्हणून मी पुढं बोलले नाही. चमचे काढून बाजूला ठेवले आणि म्हटलं, आता भंगाराचा तुकडा लावून चांदीची टाकी बघू.

तेवढ्यात सुरेखा आली.

ती मखमलाबादची. तिशीतली, हातात स्टीलचा डबा, डब्यात लाल फडकं, फडक्यात चांदीचा टाक. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली देवाची आकृती, देवघरात असते. हा टाक वीराचा होता. ज्या घरातला कुणी पूर्वी लढाईत किंवा भर तारुण्यात गेला, तिथं त्याचा वीर म्हणून टाक करतात. नाशकात धुळवडीला हे वीर ताटात घेऊन वाजतगाजत गंगेवर नेतात आणि आंघोळ घालतात. परगावच्यांसाठी सांगते, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.

टाकावर घोडा होता, त्यावर माणूस, हातात तलवार. माणसाला तोंड नव्हतं. नाकाचा बारीकसा उंचवटा तेवढा राहिला होता.

"मावशी, याला तोंड आणा," ती म्हणाली. "उद्या धुळवड हाय. आजच द्या."

"तोंड येणार नाही. चांदी चढेल. आहे ते उजळेल."

"पण तोंड पायजे."

"मग सोनाराकडे जा. नवा करून घे. त्यांच्याकडे साचा असतो, सगळे वीर एकाच तोंडाचे निघतात."

"नवा चालत नाय. सासूबाई म्हणत्यात, मी पावडर लावून लावून वीराला आंधळा केला." मग तिनं खालच्या आवाजात सगळं सांगितलं. सात वर्षं ती देव घासत होती. दिवाळीनंतर नवरा मोटारसायकलवरून पडला, पाय मोडला. सासू म्हणाली, वीर कोपला. उद्या सगळे भाऊबंद जमणार, वीराचं ताट थोरल्या जावेच्या हातात द्यायचं ठरलं होतं. आणि धुळवड झाली की सुरेखानं चांदवडला माहेरी जायचं.

"किती दिवसांसाठी?"

"ते नाय सांगितलं."

मी टाक हातात घेतला. चांगला जाड थर दिला तर निदान उजळून निघेल, घरात कुणी फार निरखून बघणार नाही, असं मला वाटलं. तिला संध्याकाळी यायला सांगितलं. ती गेली नाही. बाहेर कडुलिंबाखाली बसून राहिली.

आता देवाची वस्तू आली होती. म्हणजे टाकीत पहिली तीच जाणार. तिच्याआधी भंगार लटकवणं नियमात बसत नव्हतं. मी क्षणभर थांबले. भंगाराचा तुकडा हातात होता. तो खाली ठेवला, चपला काढल्या, नवा हुक घेतला आणि वीर टाकीत सोडला. जाड थर द्यायचा म्हणून वेळ जास्त धरला आणि भाकरी खायला बाहेर गेले.

हे मला आजही समजावून सांगता येत नाही. बुडबुडे मी पाहिले होते. देवाचा मान राखायचा म्हणून मी देवालाच भंगाराच्या जागी लटकवला.

परत येऊन हुक उचलला. टाक मळकट पांढरा झाला होता. कडा कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. तलवार गेली होती. घोड्याचा एक कान गेला होता. वीज उंच जागी आधी पोचते, त्यामुळे जे उठून असतं ते आधी जातं. नाक उठून होतं. नाकाच्या जागी आरपार भोक होतं.

समोरच्या चांदीच्या पाटीवर पांढरी लव उगवली होती. वीर तिथं होता.

मी वीज बंद केली आणि देसलेला हाक मारली. त्यानं पेटी उघडली. दुरुस्तीवाल्यानं जुन्या वायरी काढून दोन्ही नव्या काळ्या घातल्या होत्या, कुठली कोणती ते रंगावरून कळत नव्हतं. देसले घामानं भिजला.

"मनी चुकी शे, मावशी."

"अर्धी. अर्धी माझी."

त्यानं वायरी बदलल्या. मी टाक पुन्हा सोडला, या वेळी समोर उभी राहून. चांदी परत बसायला लागली. तीच चांदी, त्याच पाटीवरची. तासाभरानं टाक लखलखीत झाला. पण नाकाची चांदी नाकावर बसत नाही. ती भोकाच्या कडेला बसली, घोड्याच्या पोटावर बसली, वाटेल तिथं बसली. चांदी परत आणता येते. आकार कुठल्या टाकीत नसतो.

भास्करशेठ आले. त्यांनी टाक पाहिला, बाहेर बसलेल्या सुरेखाला पाहिलं. "कौसाबाई, झिजलेलाच होता. जसा दिला तसा परत दिला म्हणा. उजळलाय की चांगला. कोण ओळखणार?"

"मी ओळखते."

"मग काय करता?"

"जाते तिच्याबरोबर."

"आज सुट्टी नाही."

"मग पगार कापा," म्हटलं.

सुरेखाला मी भोक दाखवलं. ती रडली नाही. रिकाम्या ड्रमवर बसली आणि म्हणाली, "आता मी घरी जात नाय. इथनंच चांदवडची गाडी धरते."

"घरी चल. मी सांगते."

"तुम्ही काय सांगणार? तुमचं कोण ऐकणार?"

"ऐकतील. मी मोठ्यानं बोलते."

सीबीएसला बस बदलून आम्ही मखमलाबादला पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. घरात पुरणाचा वास होता. भाऊबंदांतले दोघं-तिघं आधीच येऊन ओट्यावर बसले होते. सासू, द्रौपदाबाई, दारात उभी. माझ्यापेक्षा वयानं मोठी, अंगानं सडसडीत, आवाज खणखणीत.

"ही कोण आणलीस?"

"सातपूरची," मी म्हटलं. "तुमचा वीर माझ्या हातून खराब झाला. वीज उलटी लागली. तलवार गेली, नाक गेलं. हिचा काही संबंध नाही."

तिनं टाक घेतला, उजेडात धरला. मग अंगठा फिरवला. अंगठा भोकावर येऊन थांबला.

"वीज कुणी लावली?"

"माणसानं."

"मग हा वीराचा कोप नाय?"

"नाही. दोन वायरी सारख्या रंगाच्या होत्या."

"आणि तोंड? ते तर आधीच गेलं व्हतं. ते हिनं पावडरीनं खाल्लं."

मी खोटं बोलू शकले असते. जमत नाही. "चांदी काळी पडते ती वरून आलेली घाण नसते, द्रौपदाबाई. ते काळं म्हणजे चांदीच असते, हवेनं बदललेली. ते घासून काढलं की तेवढी चांदी गेली. ही सात वर्षं घासते. तुम्ही किती वर्षं घासलं?"

तिनं टाक पदरानं पुसला. "लगीन करून आले तवापासनं."

"कशानं?"

"राखेनं."

"राख पावडरीपेक्षा जास्त खाते."

सुरेखा भिंतीला चिकटून उभी होती. या घरात सासूला असं कुणी बोललं नसावं. ओट्यावरून थोरला दीर उठून आत आला, टाक बघून म्हणाला, "अरे, नाक कुठं गेलं?"

द्रौपदाबाईनं सुरेखाकडे पाहिलं. मग आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"ह्या सातपूरच्या बयेनं खाल्लं," ती म्हणाली. "नाक, तोंड, तलवार, समदं. मशिनीत घालून खाल्लं भवानीनं."

तोंड मी खाल्लं नव्हतं. ते त्या दोघींनी मिळून खाल्लं होतं, त्यातही जास्त द्रौपदाबाईनं. ते बोलायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मी सुरेखाकडे पाहिलं. तिनं पहिल्यांदाच पाठ भिंतीपासून सोडवली होती.

"हो," मी म्हटलं. "माझ्याकडूनच झालं."

त्यानंतर पाव तास मला शिव्या बसल्या. दिरानं दिल्या, चुलत्यानं दिल्या, ज्याला वीर कोणाचा कोण हेही ठाऊक नव्हतं त्या पाहुण्यानंही दिल्या. द्रौपदाबाईच्या सगळ्यात चांगल्या होत्या. निघताना तिनंच पुरणपोळ्या फडक्यात बांधून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, "फडकं परत पाठव." मग आत वळून ओरडली, "सुरेखा, उद्याचं ताट घासून ठेव. तुलाच धरायचं हाय."

सुरेखा मला फाट्यापर्यंत सोडायला आली. वाटेत तिला मी देव उजळायची रीत सांगितली. डब्याला लावतात ती ॲल्युमिनियमची फॉइल पातेल्यात अंथरायची, वर गरम पाणी आणि खायचा सोडा, त्यात टाक फॉइलला टेकवून ठेवायचा. थोडा कुजकट वास येतो. काळं चांदीवरून सुटतं आणि फॉइल काळी पडते. घासायचं नाही. चांदी आहे तिथंच राहते.

"मग हे आधी का नाय कुणी सांगितलं?"

"कुणी विचारलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी शेडला सुट्टी होती. तिसऱ्या दिवशी मी ते हॉटेलचे आइस्क्रीमचे चमचे चांदीच्या टाकीत सोडले. आधी भंगाराचा तुकडा लावून. पाटी तीच होती, वर अजून थोडी लव शिल्लक होती. म्हणजे वीराच्या नाकाचा काही भाग त्या चमच्यांवर बसला, आणि पुढं कुणीतरी तो आइस्क्रीमबरोबर चाटला असणार. हे मी मखमलाबादला कळवलं नाही. इथं पहिल्यांदा लिहिते आहे.

भास्करशेठना मी सांगितलं की पेटी उघडली असेल त्या दिवशी आधी भंगार जाईल, देव दुसरा. ते नाराज झाले, पण मानलं. मी काम सोडेपर्यंत तसंच चाललं. एकाही देवानं तक्रार केली नाही.

फडकं परत द्यायला गेले तेव्हा द्रौपदाबाई म्हणाली, "धुळवडीला येत जा. माणूस समोर असलं म्हंजी शिव्या नीट देता येत्यात." मी त्याला होकार दिला नव्हता, पण पुढच्या धुळवडीला सुरेखाचा फोन आला आणि मी गेले. तेव्हापासून जाते. वीर अजून तोच आहे. नवा कुणी केला नाही. भोकाच्या जागी कुंकू भरतात. वाजंत्री आणि गर्दी असते, गंगेवर पाण्यात तो बुडवतात, कुंकू धुऊन जातं, बाहेर काढला की पुन्हा भरतात.

द्रौपदाबाई जाऊन आता काही वर्षं झाली. शिव्या थोरल्या दिराकडे गेल्या आहेत. त्याला तेवढ्या जमत नाहीत. सुरेखाचा नवरा नीट चालतो. ताट सुरेखाच्याच हातात असतं, आणि ती ते कुणाला देत नाही.

गेल्या धुळवडीला घरात एक नवी सून आली होती. ताटात वाकून बघून तिनं विचारलं, "याचं नाक कुठं गेलं?" सगळ्यांनी एकदम वळून माझ्याकडे बोट दाखवलं. सुरेखानं नाही दाखवलं. तिचे हात ताटात गुंतले होते आणि ती माझ्याकडे बघत होती.

"मी खाल्लं," मी म्हटलं. सुनेला ते खरं वाटलं.